रिषभावरचं बोट

माझ्या क्लासातल्या मुली माझ्यामागे मला कैदाशीण म्हणतात. मला ठाऊक आहे. एकीचा फोन सापडेना म्हणून मीच माझ्या फोनवरून तिला रिंग दिली, तर तो सतरंजीखाली वाजला आणि पडद्यावर हे नाव झळकलं. पुढचे तीन महिने तिला नुसते अलंकार घोटायला लावले, बस्स.

तेव्हा मी हे सांगतेय ते स्वतःला गरीब गाय ठरवायला नाही. मी दुष्टपणा केलाय, जाणूनबुजून केलाय, आणि ज्याच्याशी केला तो माणूस माझ्याहून सगळ्या बाबतीत बरा होता. एवढं आधीच कबूल करून टाकते.

सांगलीच्या विश्रामबागेत झेरॉक्सच्या दुकानावर माझ्या दोन खोल्या आहेत. जिन्यात पाटी आहे, संगीत विद्यालयाची शाखा आणि परीक्षा केंद्र अशी. पाटीवर 'राष्ट्रीय' हा शब्द सगळ्यात मोठा. आमचं विद्यालय जुनं, पारतंत्र्यातलं. त्याआधी गाणं शिकायचं तर उस्तादाच्या घरी राहायचं, पाणी भरायचं, पाय चेपायचे, आणि त्याची मर्जी झाली तर वर्षाकाठी एखादी चीज पदरात पडायची. विद्यालय काढणाऱ्या माणसाला याचा संताप आला. गाणं काय कुणाच्या बापाची इस्टेट आहे? त्याने ते उचलून फळ्यावर आणलं. तास, घंटा, हजेरी, पुस्तकं, परीक्षा. ज्याला फॉर्म भरता येतो त्याला गाणं शिकता येईल, मग तो कुठल्याही गावचा, कुठल्याही जातीचा असो. केवढं काम आहे हो हे! भल्या घरच्या बायका चारचौघांत गायला लागल्या त्या त्याच्यामुळे, आणि त्यातलीच मी एक. दर गुरुवारी मी त्याच्या फोटोला हार घालते. पाय चेपणं त्याने बंद केलं, खरं आहे. मर्जी मात्र त्याला बंद करता आली नाही. ती आहे तिथेच राहिली, फक्त आता तिला गुणपत्रिका मिळाली.

माझे गुरुजी या शाखेचे प्रमुख होते. आता ते साताऱ्याला मुलाकडे असतात. नव्वदी गाठलीय, डोळे गेलेत, कान शाबूत आहेत. मी सोळा वर्षांची असताना एकदा माझा निषाद किंचित उतरला, तर त्यांनी माझ्या हातातून तंबोरा काढून घेतला, मला जिन्यात उभं केलं आणि वर्गाला ऐकू जाईल असं म्हणाले, "ही गाणार नाही. ही शिकवेल." त्या दिवसापासून मी चुकायचं सोडलं. एकदाही चुकले नाही. मग ते मला म्हणायला लागले, "बरोबर." अठरा वर्षं त्यांच्यासमोर बसले. कुठलाही राग गा, डोळ्यातून पाणी काढून गा, गाणं संपलं की, "बरोबर. पुढची." दुसरा शब्द त्यांनी मला कधी दिला नाही. माझं लग्न ठरलं ते त्यांना सांगायला गेले, तेव्हासुद्धा मला वाटलं की आता हे 'बरोबर' म्हणणार.

आता आमच्याकडची एक रीत सांगते. परीक्षेला बाहेरगावचे परीक्षक येतात. नियमाने पेटीवर तिऱ्हाईत साथीदार हवा. पण रविवारी दिवसभर दुसऱ्याच्या मुलांसाठी पेटी बडवायला सांगलीत कोण रिकामं बसलंय? म्हणून ज्याची मुलं तोच पेटीवर बसतो. परीक्षकांना ते माहीत असतं, त्यांच्याही गावी तेच चालतं. आणि पेटीवर बसलेला शिक्षक करतो काय, तर पोरगी अडखळायला लागली की पुढचा सूर अर्धी मात्रा आधी दाबतो. हळूच. तिला तो ऐकू येतो, ती सावरते, आणि समोरच्याला वाटतं की साथ छान चाललीय. याला आम्ही बोट देणं म्हणतो. चालायला शिकणाऱ्या लेकराला देतात तसं. वर्षभर मी मुलांच्या डोक्यात एकच गोष्ट भरते, घाबरलात की पेटी ऐका, पेटी चुकायची नाही. माझ्या केंद्राचा निकाल दरवर्षी उत्तम लागतो.

सुभेदार माझ्याकडे आले तेव्हा पन्नाशीला टेकले होते. कुंडलचे. खरं तर नायब सुभेदार, पण गावाला 'नायब' म्हणायचा कंटाळा. पलटणीच्या बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवायचे. निवृत्त होऊन घरच्या उसात उतरले, आणि एका मंगळवारी चपला भिंतीला लावून, अगदी एका रेषेत ठेवून, माझ्या दारात उभे राहिले.

"आवं बाई, मला गानं शिकायचंय. विशारद करायचंय."

"कशाला? तुम्हाला आता कुठे नोकरीला लागायचंय?"

"गावात क्लास काडायचाय. आमच्याकडच्या पोरी सांगलीला येत्यात, निम्मा जीव एस्टीत जातोय. कुनाच्या घरी सोडत न्हाईत. मी माडीवर खोली बांधलीया. पर विशारद झाल्याबिगर विद्यालय शाखा देत न्हाई म्हनं."

बरोबर होतं त्यांचं. तो नियमच आहे. मी त्यांना नखशिखांत बघितलं आणि म्हणाले, "सुभेदार, उसाला तुरा आला की साखर उतरते. या वयात गळा तयार होत नाही."

मुली फिदीफिदी हसल्या. तेही हसले. "व्हय की. पर तुरा आला म्हनून कारखाना ऊस टाकून देत न्हाई, बाई."

घेतलं मी त्यांना. मंगळवार आणि शुक्रवार, सात वर्षं. एवढा दांडगा माणूस शाळकरी मुलींच्या शेजारी सतरंजीवर मांडी घालून बसायचा आणि मी त्यांना रडवायचा चंग बांधल्यासारखी वागायचे. त्यांना 'ण' म्हणता यायचा नाही. मी रोज सुरुवातीला सगळ्यांसमोर दहा वेळा 'गाणं' म्हणायला लावायचे. ते म्हणायचे. मुली ओठ दाबून बसायच्या. लेखी पेपरासाठी चाळिशी लावून पुस्तक पाठ करायचे, आणि मी मुद्दाम मधूनच प्रश्न टाकायचे. चुकले की, "पलटणीत असंच चालायचं का?" गावात तर त्यांची वेगळीच टर उडायची. सुभेदारानं म्हातारपणी गळा काढला, म्हणायचे. हे त्यांनीच मला हसत हसत सांगितलं होतं.

पण आवाज होता. काय आवाज होता! त्यांनी खर्ज लावला की खालचा झेरॉक्सवाला मशीन बंद करून जिन्यात येऊन उभा राहायचा. गिऱ्हाईक ताटकळत. मला वाटायचं की हा बाबा माझ्या गाण्याला कधी जिना चढला नाही.

गुरुपौर्णिमेला मी वरच्या वर्गातल्यांना घेऊन साताऱ्याला जाते. गुरुजींसमोर प्रत्येकाने पाच मिनिटं गायचं, पाया पडायचं, पेढा घ्यायचा आणि निघायचं. त्या वर्षी विशारदच्या शेवटच्या परीक्षेला बसणारे सुभेदार एकटेच होते, म्हणून ते शेवटी गायले. दुपार होती, त्यांनी मुलतानी घेतला. पाच मिनिटांनी मी पेटी आवरती घ्यायला लागले, तर गुरुजींनी हात वर केला.

"अजून गा," ते म्हणाले.

सुभेदार गायले. पुन्हा थांबले. "अजून." पाऊण तास. सूनबाई चहा घेऊन आल्या, त्यांना गुरुजींनी हातानेच दारात थोपवलं. शेवटी माझ्या दिशेला तोंड करून म्हणाले, "इतकी वर्षं याला कुठे लपवून ठेवला होतास?" आणि मग सुभेदारांच्या डोक्यावरून, पाठीवरून, चाचपडत हात फिरवला. माझ्या पाठीवरून त्यांनी तो हात कधी फिरवला नव्हता. कधीच नाही. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. परतीच्या गाडीत मुली सुभेदारांचं कौतुक करत होत्या, आणि ते लाजून खिडकीबाहेर बघत म्हणत होते, "समदं बाईंचंच हाय." मला त्यांच्या थोबाडीत मारावीशी वाटली.

तरी परीक्षेच्या दिवशी सकाळी माझ्या मनात काही नव्हतं. हे मी शपथेवर सांगते. सुभेदार इस्त्रीचा पांढरा सदरा घालून सकाळी आठलाच आले होते, आणि नंबर दुपारचा. त्यांनी स्वतःहून सतरंज्या झटकल्या. आदल्या आठवड्यात माडीवरच्या खोलीला रंग दिला होता, त्याचा फोटो मोबाइलवर दाखवला. भिंतीवर फळासुद्धा लावला होता. "कागद आला की लगीच पोरी बशिवतो," म्हणाले. बारा पोरी घरच्यांनी कबूल केल्या होत्या.

परीक्षक एक बाई होत्या, बाहेरगावच्या. जेवायला बासुंदी-पुरी केली होती, तीही रीतच. जेवता जेवता त्या म्हणाल्या, "तुमच्या गुरुजींचा काल फोन होता हो मला. म्हणाले, एक फौजी बसतोय, त्याला नीट ऐका."

माझ्या विशारदच्या वेळी मी गुरुजींना म्हटलं होतं, परीक्षक तुमच्या ओळखीचे आहेत, एक शब्द टाका ना. तर म्हणाले होते, "विद्यालय कशासाठी काढलंय? मर्जीचं गाणं बंद करायलाच ना?" आणि आता आंधळ्या डोळ्यांनी कुणाकडून तरी नंबर लावून घेऊन त्यांनी फोन केला होता. या उसातल्या माणसासाठी. माझ्या पोटात जे पेटलं ते बासुंदीने विझणारं नव्हतं.

दुपारी पहिला नंबर सुभेदारांचा. परीक्षक बाई जरा पेंगुळल्या होत्या. म्हणाल्या, "वेळेचा राग घ्या. मुलतानी होऊन जाऊ दे."

मुलतानीत कोमल रिषभ लागतो तो उतरताना, वाटेत. त्याच्यावरून जायचं असतं, त्याच्यावर बसायचं नसतं. बसलात की तोडी सुरू होते, तेच सूर, पण घर दुसरं. विशारदच्या परीक्षेला राग सुटला की खेळ खलास. हे पहिलीतल्या पोरीला माहीत नसेल, पण सुभेदारांना झोपेतून उठवलं तरी माहीत होतं.

त्यांनी सुरुवात झकास केली. परीक्षक बाई ताठ झाल्या, पेंग गेली. त्यांच्या चेहऱ्यावर मी तेच बघितलं जे गुरुजींच्या चेहऱ्यावर बघितलं होतं. मग सुभेदार पंचमावरून खाली यायला लागले. आणि मी अर्धी मात्रा आधी रिषभ दाबला. दाबला आणि धरून ठेवला. भाता भरून.

त्यांनी माझ्याकडे बघितलं. एक क्षणच. मला वाटलं की आता हा आपल्या वाटेने जाईल आणि मी पेटी सावरून घेईन, म्हणजे फक्त माझी चूक होईल, कुणाला कळणारही नाही. पण ते माझ्यामागे आले. रिषभावर येऊन बसले. मी गंधार दाबला, पुन्हा रिषभ. तेही आले. तीन आवर्तनं मी त्यांना हाताला धरून तोडीत फिरवलं, आणि तो माणूस शांतपणे फिरला. आवाज एकदाही हलला नाही.

परीक्षक बाईंनी पेन्सिल वर केली. "थांबा. हा कुठला राग चाललाय?"

"मुलतानी हुता," सुभेदार म्हणाले. "चुकला."

"कसा काय?"

"माझा चुकला, बाई."

ते उठले, परीक्षकांना नमस्कार केला, विद्यालय काढणाऱ्याच्या फोटोला केला, मग खाली वाकून माझ्या पाया पडले. मी पाय मागे घेतले नाहीत. परीक्षक बाई गुण मांडता मांडता हळहळल्या. "आवाज काय देखणा आहे हो! पण नियम म्हणजे नियम. तुम्ही किती सावरायला बघत होता बिचाऱ्या, मी बघत होते ना." मी मान खाली घातली. त्यांना वाटलं की मला वाईट वाटतंय.

निकाल महिन्याने मोबाइलवर आला. सुभेदार नेहमीच्या वेळेला क्लासला आले होते. मी सगळ्या मुलींसमोर म्हणाले, "सात वर्षं माझं डोकं खाल्लंत आणि शेवटी हा दिवा लावलात!" का म्हणाले? त्यांना पाडून माझं समाधान झालं नव्हतं म्हणून. ते म्हणाले, "व्हय, बाई." चपला घालून जिना उतरले. पुन्हा आले नाहीत. त्यांच्या जागेवर मी एका शाळकरी मुलीला बसवलं आणि दोन दिवस फार हलकं वाटलं. खोटं कशाला बोलू? फार छान वाटलं.

पुढच्या खेपेला साताऱ्याला गेले तेव्हा गुरुजी खाटेवर पडून होते. मी पाया पडले. त्यांनी पहिला प्रश्न विचारला तो फौजीचा.

"नापास झाले," मी म्हणाले. "मुलतानीत रिषभावर बसले. तोडी झाली."

गुरुजींनी डोळे मिटले. मला वाटलं की झोप लागली. मग म्हणाले, "पेटीवर कोण होतं?"

शेजारी सूनबाई भाजी निवडत होत्या. त्यांना त्या प्रश्नात काही विशेष वाटलं नाही.

"मी."

त्यांनी कूस बदलली, भिंतीकडे तोंड केलं. "दार लावून जा," म्हणाले.

मी साताऱ्याहून सांगलीला न जाता दुसऱ्या दिवशी कुंडलला गेले असते तर गोष्ट वेगळी. पण मी दोन महिने लावले. आधी स्वतःला समजावलं की म्हातारा बरळतो. मग समजावलं की पुन्हा परीक्षा देता येतेच की. शेवटी एका दुपारी नवा फॉर्म पर्समध्ये घालून एस्टीत बसले. फॉर्मवर गुरूची सही लागते, ती मी आधीच करून ठेवली होती. एवढी मी उदार.

सुभेदार अंगणातच होते. मला बघून गडबडीने डोक्याचा पंचा काढला. "आवं बाई, तुमी? या की, या." मला सन्मानाने माडीवर नेलं, कारण बसायला पंखा तिथेच होता. खोलीला फिकट पिवळा रंग. भिंतीवर फळा, कोरा. आणि खाली दोन भिंतींना लावून खताची पोती रचलेली. पेटी एका पोत्यावर होती, अभ्रा घातलेली. खोलीत युरियाचा वास कोंदला होता.

मी फॉर्म काढून त्यांच्यापुढे ठेवला. पाठ केलेलं बोलले. वय आडवं येत नाही, पुढच्या सत्रात बसा, तयारी करून घेते. ते ऐकत होते. मग फॉर्म उचलून सहीवर बोट ठेवलं.

"बाई, रिषभ तुमी धरलासा. मला तवाच कळलं हुतं."

"मग आलात कशाला माझ्यामागे? सरळ जायचं ना आपल्या वाटेने!"

"बँडमदी निम्मं आयुष्य घालवलं, बाई. मास्तरची काठी जिकडं फिरंल तिकडं जायाचं. मास्तर चुकला म्हनून एकट्यानं बरोबर वाजवायचं न्हाई. त्यानं समदा बँड फुटतो." त्यांनी सहीवरचं बोट काढलं. "आन मला वाटलं, बाईंनी धरलाय म्हंजे कायतरी आसंल. माझ्यापेक्षा तुमास्नी जास्त कळतंय."

"परीक्षकांना सांगायचं होतं."

"काय सांगू? बाईनं खोटं बोट दिलं म्हनून? तुमचं केंद्र गेलं आसतं. तिथं पोरी शिकत्यात."

मी म्हणाले, माझं चुकलं. नुसतं तेवढंच तोंडातून निघालं. का चुकलं ते सांगायला गेले असते तर गुरुजींचा हात, फोन, सगळं सांगावं लागलं असतं, आणि तेवढी हिंमत माझ्यात नाही. त्यांनीही विचारलं नाही. मी म्हणाले, फॉर्म भरा, मी पाया पडते तुमच्या. पेटीवर दुसरं कुणीतरी बसवू. अगदी कोल्हापूरहून आणू.

"तसं न्हाई, बाई." त्यांनी फॉर्मची नीट घडी घातली आणि माझ्या हातात परत दिला. "आता घरी एकटाच बसलो, पेटीबी न्हाई, तरी खाली येताना रिषभ आला की मी थांबतोय. जाऊ का बसू, ते कळतच न्हाई. आधी कसं गपकन कळायचं. ते गेलं. लय बगितलं बसून. गेलं ते गेलंच."

ते रागाने बोलले असते, शिवी दिली असती, तर मला सोसलं असतं. ते मला पावसापाण्याचं सांगावं तसं सांगत होते.

"त्या बारा पोरी?" मी विचारलं.

"दोघी येत्यात की तुमच्याकडं. बाकीच्या बसल्या घरी."

खाली चहा टाकला होता, तो अजून यायचा होता. मग त्यांनी उठून पेटीवरचा अभ्रा काढला, पोत्यावरून उचलून ती माझ्यासमोर ठेवली. "दुपारच हाय. मुलतानी म्हना, बाई. मला ऐकू तरी द्या, कसा जातो त्यो."

मी गायले. जीव ओतून गायले, हे मी देवाला साक्ष ठेवून सांगते. पोत्यांच्या मधे बसून, घाम पुशीत, मी त्या माणसाची क्षमा मागत गायले. रिषभावरून जसं जायला हवं तसं गेले, एकदाही थांबले नाही. ते भिंतीला टेकून डोळे मिटून ऐकत होते. गाणं संपलं. मी त्यांच्या तोंडाकडे बघत राहिले. सोळा वर्षांची असताना गुरुजींकडे बघायचे तशी.

त्यांनी डोळे उघडले.

"बरोबर हाय, बाई," ते म्हणाले.

गुरुजींचा तो शब्द मी त्यांना कधी सांगितला नव्हता. कुणालाच सांगितला नव्हता. मग खालून चहा आला, आम्ही तो प्यायलो, आणि त्यांनी मला एस्टीपर्यंत सोडलं.